एका तारेवरचा फ्रेटबोर्ड

पेटीवर सुरांना रंग असतात. गायक ‘काळी दोन’ म्हणतो आणि वाजवणाऱ्याचं बोट बरोबर त्या पट्टीवर जातं. दोन काळ्यांचा गट, मग तीन काळ्यांचा, पुन्हा दोनाचा. या उंचसखल रचनेमुळे डोळे मिटले तरी आपण कुठे आहोत ते हाताला कळतं. गिटारच्या फ्रेटबोर्डवर असलं काही नाही. सगळे फ्रेट एकाच धातूचे, सगळं लाकूड एकाच रंगाचं. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या फ्रेटवर बहुतेक गिटारींना ठिपके असतात, पण ते फक्त अंतर सांगतात, सुराचं नाव सांगत नाहीत. मैलाच्या दगडावर आकडा शिल्लक आहे आणि गावाचं नाव पुसलं गेलंय, तसे ते ठिपके.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. २२ फ्रेटची नेहमीची इलेक्ट्रिक गिटार घ्या. सहा तारा, त्यांवर २२ फ्रेट आणि सहा मोकळ्या तारा मिळून १३८ जागा होतात. या १३८ जागांवर वेगवेगळे सूर मात्र ४७च. पहिली तार मोकळी छेडली की जो ई वाजतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या फ्रेटवर सापडतो. एक सूर, पाच पत्ते. पियानोवर ८८ पट्ट्या आणि ८८ सूर, हिशोब संपला.

म्हणून ‘फ्रेटबोर्ड शिकणं’ म्हणजे नक्की काय शिकणं, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. त्याची निरनिराळी उत्तरं दिली गेली आहेत: टॅब, आकार, नोटेशन आणि एकच तार. यातली पहिली दोन आज प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. उरलेली दोन बोस्टनच्या बर्कलीमध्ये शिकवणाऱ्या दोन माणसांच्या पुस्तकांत आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. चौथं उत्तर सगळ्यात कमी वापरलं जातं आणि तेच सगळ्यात कामाचं आहे. पण पहिल्या तिघांना मोडीत काढून ते सिद्ध होत नाही, कारण त्या प्रत्येकात काहीतरी खरं आहे.

टॅब : पत्ता आहे, माणूस नाही

टॅबला नावं ठेवायची एक फॅशन आहे. नोटेशन वाचणारे लोक टॅबकडे कुंजी वापरणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघतात. पण टॅब काही इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने फ्रान्चेस्को स्पिनाचिनोचं ल्यूटचं संगीत छापलं, ते टॅबमध्येच. रेषा म्हणजे तारा, त्यांवर आकडे म्हणजे फ्रेट. स्पेनमध्ये लुईस मिलानचं ‘एल माएस्त्रो’ १५३६ साली आलं, तेही टॅबमध्ये. म्हणजे पाचशे वर्षांची ही वहिवाट आहे. तिचं कारणही सयुक्तिक आहे. ज्या वाद्यावर एका सुराचे अनेक पत्ते असतात, तिथे नुसता सूर लिहून भागत नाही, पत्ता लिहावाच लागतो.

मग तक्रार कशाबद्दल? त्या जुन्या टॅबमध्ये आकड्यांच्या डोक्यावर लयीच्या खुणा असत. कोणता सूर किती वेळ, हे कागदावर असायचं. १९९०च्या दशकात इंटरनेटवर जी टॅब पसरली ती साध्या टेक्स्ट फाइलमधली होती. हायफनच्या सहा रेघा आणि मधेमधे आकडे. या स्थलांतरात बहुतेक ठिकाणी लय गळून पडली. त्यामुळे गाणं आधीच कानात असेल तरच अशी टॅब वाचता येते. अनोळखी चाल तिच्यावरून कळत नाही. तंत्रज्ञान पाचशे वर्षांनी पुढे गेलं आणि लिपी मागे आली, असं क्वचित होतं. इथे झालं.

दुसरी उणीव मात्र जुन्या टॅबमध्येही होती. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तिथे एखादी किंमत थेट कोडमध्ये ठोकून ठेवली तर त्याला ‘हार्डकोड’ करणं म्हणतात. काम चालतं, पण परिस्थिती बदलली की हा आकडा इथे का आहे हे कुणालाच सांगता येत नाही. टॅबमधला ‘७’ असाच असतो. पाचव्या तारेवरचा सात म्हणजे ई, त्या गाण्यात तो षड्ज आहे की पंचम, की नुसता जाता जाता लागलेला सूर, यातलं काहीही तो आकडा बोलत नाही. गाणं जसंच्या तसं वाजवायचं असेल तोवर त्याची गरजही पडत नाही.

आकार : कान झाकून म्हटलेली सरगम

टॅबनंतर शिकणाऱ्याला भेटतात ते आकार. यूट्यूबवर ‘फ्रेटबोर्ड अनलॉक करा’ असं सांगणाऱ्या बऱ्याचशा व्हिडिओंच्या मुळाशी ‘केज्ड’ ही पद्धत असते. सी, ए, जी, ई, डी या पाच मोकळ्या कॉर्ड्सचे आकार घ्यायचे आणि ते फ्रेटबोर्डवर वर सरकवायचे. सी मेजर कॉर्ड मोकळ्या सी आकारात वाजते, मग तिसऱ्या फ्रेटपासून ए आकारात, पाचव्यापासून जी, आठव्यापासून ई आणि दहाव्यापासून डी आकारात. बाराव्या फ्रेटवर पुन्हा सी आकार येतो. फरशा बसवाव्यात तसे हे पाच आकार एकमेकांना चिकटून सगळी मान व्यापतात. या अक्षरांचा इंग्रजी उच्चार ‘पिंजऱ्यात अडकलेला’ असा होतो, हा योगायोग टीकाकारांच्या पथ्यावर पडला आहे.

तरी मराठी कानाला या पद्धतीतलं मर्म चटकन कळायला हवं. आकार सरकवला की पट्टी बदलते, पण सुरांमधली नाती तीच राहतात. आपली सरगम हेच करते. सा कुठेही धरा, ग त्याच्यापासून तेवढ्याच अंतरावर. गायकाकडे दोन वेगवेगळे शब्दसंग्रह असतात. सुरांच्या नात्यांसाठी सा-रे-ग-म आणि प्रत्यक्ष उंचीसाठी काळी एक, पांढरी चार. तो दोन्ही सहज बोलतो, त्यांची गल्लत करत नाही. गिटार शिकणाऱ्याला आकारांमधून सरगम मिळते, पण पट्टी मिळत नाही. आणि गायकाच्या गंधाराला मागे तानपुऱ्याचा षड्ज असतो, तसा आकाराला कशाचाच आधार नसतो. बोटं बरोबर जागी पडतात, त्यांतला सा कुठला हे कान विचारत नाही.

शिवाय आकार एका ठिकाणी दगा देतात. गिटारच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर असतं. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत मात्र चारच. कॉर्ड्स हाताच्या आवाक्यात याव्यात म्हणून केलेली ही तडजोड आहे. ल्यूट आणि विहुएलामध्येही ती होती, फक्त तिसऱ्या आणि चौथ्या तारांच्या मध्ये. म्हणून विहुएलाचं संगीत गिटारवर वाजवणारे आजही तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवून घेतात. स्टॅन्ली जॉर्डनसारख्या वादकाने ही तडजोडच नाकारली आणि वरच्या दोन तारा चढवून सगळी अंतरं सारखी केली. बाकीच्यांना मात्र प्रत्येक आकार दुसऱ्या तारेवर आला की एक फ्रेट पुढे ढकलावा लागतो. आकार पाठ करणारा ही वाकडी वळणंही पाठ करतो. ज्याला नावं माहीत आहेत त्याला वळण दिसतच नाही. दुसऱ्या तारेवर सी पहिल्या फ्रेटवर आहे, बस्स.

लेव्हिट : नावं आहेत, पण खिडकीतून

विल्यम लेव्हिट बर्कलीत गिटार विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या ‘अ मॉडर्न मेथड फॉर गिटार’चा पहिला भाग १९६६चा. या पुस्तकात टॅब नाही. पहिल्या पानापासून पाच रेषांचं नोटेशन आणि शिक्षक-विद्यार्थ्याने मिळून वाजवायची ड्युएट्स. मला या पुस्तकाबद्दल आदर आहे, आणि त्याचं मुख्य कारण ही ड्युएट्सच आहेत. दुसऱ्या दिवसापासून समोर कुणीतरी वाजवतंय, त्याच्याशी जुळवून घ्यायचंय, ही शिस्त कुठलाही व्हिडिओ देऊ शकत नाही.

पण फ्रेटबोर्डच्या दृष्टीने त्याची मर्यादाही त्याच शिस्तीत आहे. सुरुवातीचा मोठा काळ विद्यार्थी पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे पहिल्या चार-पाच फ्रेटमध्ये राहतो. तिथे प्रत्येक सुराला जवळजवळ एकच पत्ता असतो. म्हणजे वाचन सोपं व्हावं म्हणून गिटारचा तात्पुरता पियानो केला जातो. मग पुढे दुसरी पोझिशन येते आणि कालपर्यंत मोकळ्या तारेवर असलेला सूर आज करंगळीखाली येतो. लेव्हिट ही गुंतागुंत बोटांच्या ठरावीक रचना आणि पहिल्या-चौथ्या बोटाचे ताण यांनी पद्धतशीर सोडवतात. मेहनत घेणाऱ्याला फळ नक्की मिळतं. पण तोवर फ्रेटबोर्ड म्हणजे शेजारशेजारच्या खिडक्या, प्रत्येक खिडकीतून चार-पाच फ्रेट दिसतात, असं चित्र डोक्यात बसलेलं असतं. या खिडक्यांमागे एकच सलग भिंत आहे हे कुणी दाखवलेलं नसतं.

गुडरिक : आधी एक तार

मिक गुडरिक हेही बर्कलीतलेच. १९७०च्या दशकात व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टनच्या बँडमध्ये ते आणि तरुण पॅट मेथिनी एकत्र वाजवत. २०२२ साली ते गेले. त्यांचं ‘द ॲडव्हान्सिंग गिटारिस्ट’ १९८७ साली आलं. त्यातली पहिली मोठी सूचना ऐकायला हास्यास्पद वाटते. सहा तारांच्या वाद्यावर एकाच तारेवर वाजवा. गिटारच्या ऐवजी ‘युनिटार’. आधी एक तार, मग शेजारच्या दोन तारा आणि त्यानंतर पोझिशन. नेहमीच्या पुस्तकांचा क्रम त्यांनी उलटा केला आहे.

का, ते वाजवल्याशिवाय कळत नाही. पाचवी तार घ्या. मोकळी ए, दुसऱ्या फ्रेटवर बी, तिसऱ्यावर सी, पाचव्यावर डी, सातव्यावर ई, आठव्यावर एफ, दहाव्यावर जी, बाराव्यावर पुन्हा ए. सात नावं, शार्प-फ्लॅट काही नाही. एका तारेवर हात आडवा जातो तेव्हा सुरांमधलं अंतर म्हणजे खरोखरचं अंतर असतं. बी ते सी आणि ई ते एफ एकेक फ्रेट, बाकी सगळे दोन-दोन. पियानोवर जे काळ्या पट्ट्यांच्या अभावामुळे दिसतं, ते इथे हाताच्या हालचालीत जाणवतं. पोझिशनमध्ये वाजवताना हे घडत नाही. तिथे वरचा सूर कधी शेजारच्या फ्रेटवर असतो, कधी शेजारच्या तारेवर. डोळ्यांना चौकट दिसते, चढ-उतार दिसत नाही.

आपल्याकडे यात नवल वाटायचं कारण नाही. सतारीवर मुख्य गाणं बाजाच्या तारेवरच चालतं. हात पडद्यांवरून वर-खाली फिरतो, मींड त्याच तारेवर खेचून निघते. सतारवादकाला कुणी ‘पोझिशन’ शिकवत नाही. गुडरिकचा युक्तिवाद अमेरिकेतल्या जॅझ गिटारच्या शिक्षणाबद्दल आहे, त्यांनी तो सतारीवरून घेतला असं मला म्हणायचं नाही. पण हिंदुस्थानी वाद्यसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाला तो पटायला वेळ लागत नाही, एवढं खरं.

आणि इथे एक गंमत आहे. तेच सात सूर ठेवा, तार बदला, आणि प्रत्येक वेळी मोकळ्या तारेला षड्ज माना. पहिल्या किंवा सहाव्या तारेवर ई हा सा धरला तर रे, ग, ध, नी चारही कोमल लागतात. हा भैरवी थाट. पाचव्या तारेवर ए हा सा धरला तर ग, ध, नी कोमल, म्हणजे आसावरी. चौथ्यावर डी हा सा, ग आणि नी कोमल, काफी. तिसऱ्यावर जी हा सा, फक्त नी कोमल, खमाज. पाश्चात्त्य शिक्षणात यांनाच मोड्स म्हणतात आणि गुडरिक हेच मोड्स एकेका तारेवर वाजवायला लावतात. थाट म्हणजे राग नव्हे, हे भातखंड्यांचं वर्गीकरण शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण चार तारांवर चार थाट विनासायास पडून आहेत, हे एकदा बोटांना कळलं की ए, बी, सी ही अक्षरं परकी राहत नाहीत. अक्षर म्हणजे पट्टी, तिचं सरगममधलं काम वेगळं, हे गायकाचं शहाणपण गिटारवर आपोआप उतरतं.

पुस्तकात दोष नाहीत असं नाही. नावात ‘ॲडव्हान्सिंग’ आहे ते उगाच नाही. गिटार पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते पुस्तक भिंतीसारखं लागेल. कॉर्ड्सवर उभ्या असलेल्या गाण्यांच्या माणसाला एक तार अपुरी वाटणार, आणि ती आहेच. गुडरिक पुष्कळदा सूचना देऊन बाजूला होतात. तयार बोटयोजना फारशा नाहीत, उत्तरं तर नाहीतच. ज्याला रोज ‘आज काय करू’ याचं वेळापत्रक हवं, त्याने लेव्हिटकडे जावं. पण हे सोडून देणंच या पुस्तकाचा गाभा आहे. पत्ते तुमच्या हाती देण्याऐवजी ते तुम्हाला गावात सोडतात.

गुण मिळतात, सूर मिळत नाही

फोनवर फ्रेटबोर्ड शिकवणारी बरीच ॲप्स आहेत. स्क्रीनवर ठिपका चमकतो, चार पर्याय येतात, बरोबर नावावर टॅप केलं की हिरवा रंग. पाढे पाठ करण्याची ही पद्धत. पाढ्यांना मी कमी लेखणार नाही. सात आठे छप्पन्न हे विचार न करता आठवावं लागतंच, आणि सातव्या फ्रेटच्या ई-चंही तसंच आहे. पण पाढा निदान गणितातच वापरला जातो. ॲपमधला ठिपका बहुतेक वेळा मुका असतो. त्याला लय नाही, आधीचा सूर नाही, पुढचा सूर नाही, आणि बोट तारेवर नसून काचेवर आहे. अशाने जे कमावलं जातं ते चित्र ओळखण्याचं कौशल्य. तारेवर हात फिरवत, नाव तोंडाने म्हणत, तो सूर कानाने ऐकत जे शिकलं जातं त्याला गुण मिळत नाहीत, म्हणून ते ॲपमध्ये मावत नाही.

नाव कुणासाठी?

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. वेस माँटगोमरीला नोटेशन वाचता येत नव्हतं. चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड्स ऐकून तो शिकला. जँगो रेनहार्टलाही वाचता येत नव्हतं. मग अक्षरांचा हा खटाटोप कशाला?

आक्षेप खरा आहे आणि त्याला शॉर्टकट उत्तर नाही. या दोघांना एकच सूर पाच पत्त्यांवर सापडत होता, कानाने. नाव हा त्या ओळखीचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. पण तो मार्ग त्यांनी अखंड वाजवण्यातून, इतर वादकांच्या सहवासातून कापला. आठ तास ऑफिस करून रात्री हेडफोन लावून गिटार हातात घेणाऱ्याला तो सहवास मिळत नाही. त्याच्यासाठी नाव हा स्वस्तातला रस्ता आहे.

आणि नाव मुळात एकट्यासाठी नसतंच. खोलीत एकटे आहात तोवर टॅब पुरते, आकार पुरतात. दुसरा माणूस आला की गोष्ट बदलते. समजा सी, ए मायनर, एफ, जी असं साधं गाणं आहे. गाणारी म्हणाली, काळी दोन घे. हरकत नाही, तिसऱ्या फ्रेटवर केपो लावा आणि तेच आकार वाजवा. पण ती म्हणाली, आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली, पांढरी सात घे. केपो सूर चढवतो, उतरवत नाही. आता दुसऱ्या फ्रेटवर केपो लावून ए, एफ शार्प मायनर, डी, ई हे आकार वाजवले की काम होतं, कारण ए-च्या पुढे दोन फ्रेटवर बी आहे आणि बी म्हणजेच पांढरी सात. यात अवघड काही नाही. फक्त नावं लागतात, आणि ती दोघांनाही माहीत असलेली लागतात. पेटीवाला, गाणारी, कीबोर्डवाला आणि गिटारवाला यांच्यात बोलायला तेवढीच एक सामाईक भाषा आहे. एका पिढीला फोनसमोर पूर्ण सोलो वाजवता येतो आणि पट्टी बदलली की तिचे हात थांबतात, तेव्हा कमतरता मेहनतीची नसते. त्यांना पत्ते शिकवले गेले, गाव कुणी दाखवलं नाही.

म्हणून गुडरिकचं ऐकावं. एक तार, सात नावं, तोंडाने म्हणत, अगदी सावकाश. मोकळी तार अधूनमधून छेडत राहा म्हणजे षड्ज कानात राहील. दोन-चार दिवस एकच तार, मग पुढची. मुद्दाम एक तार आतापर्यंत वगळली आहे, दुसरी. तिथे बी हा सा धरा. पहिल्या फ्रेटवर सी, तिसऱ्यावर डी, पाचव्यावर ई, आणि सहाव्यावरच एफ येतो. पंचमाची जागा सातव्या फ्रेटवर आहे आणि आपल्या सात सुरांमध्ये तिथे कुणीच नाही. भातखंड्यांच्या दहा थाटांत ही रचना बसत नाही. सहाव्या फ्रेटवर थांबून मोकळी तार छेडा. जी अस्वस्थता ऐकू येते ती कुठल्याच आकृतीत काढलेली नाही. आपल्या कानाला पंचमाची किती सवय आहे, ते तिथे कळतं.